नोकरी सांभाळून बिझनेस मॅनेजमेंटचा छोटा कोर्स: पुण्यात कसा निवडायचा आणि कसा पूर्ण करायचा

भोसरीच्या एका कंपनीत मी स्टोअर्स आणि पर्चेस बघते, आठ वर्षं झाली. मध्ये एक वर्ष शनिवार-रविवार बसून मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, त्याच्या आधी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर दोन छोटे कोर्स केले होते. तेव्हापासून ऑफिसातले, सोसायटीतले, नात्यातले सगळे विचारत असतात की अगं कुठला कोर्स करू, किती दिवसांचा असतो, खरंच उपयोग होतो का. फोनवर दरवेळी अर्धा तास जातो आणि तरी निम्मं सांगायचं राहतं, म्हणून आज सगळं एका जागी लिहून काढतेय. हे दोन वर्षांच्या फुलटाइम एमबीएबद्दल नाहीये, सीईटी, कॅट वगैरे विषय वेगळा. ज्यांची नोकरी चालू आहे, किंवा घरचा धंदा आहे, किंवा बारावी-ग्रॅज्युएशन होऊन बरीच वर्षं गेलीयेत आणि आता तीन महिने ते एक वर्ष इतकाच वेळ काढता येणार आहे, त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: आधी प्रश्न कागदावर लिहा

कोर्स शोधायच्या आधी हे करा. बहुतेक जण आधी कोर्सचं नाव शोधतात, ब्रोशर मागवतात, आणि मग कोर्स करून काय करायचं ते ठरवतात. उलटं करा. एक साधा कागद घ्या आणि तुमच्या कामात गेल्या सहा महिन्यांत कुठे अडलं ते एका वाक्यात लिहा. "मला मॅनेजमेंट शिकायचंय" हे वाक्य चालणार नाही, त्यातून काहीच कळत नाही. "सुपरवायझर झालो पण हाताखालची चार माणसं ऐकत नाहीत" हा प्रश्न आहे. "मीटिंगमध्ये फायनान्सवाले मार्जिन, वर्किंग कॅपिटल बोलायला लागले की मी गप्प बसते" हाही आहे. माझा प्रश्न होता की स्टोअरमध्ये काही वस्तू वर्षभर पुरेल इतक्या पडून असतात आणि काही नेमक्या पाहिजे त्या दिवशी नसतात, हे असं का होतं.

माझ्या वहिनीचं कर्वेनगरला डब्याचं काम आहे. तिचा प्रश्न सगळ्यात चांगला होता: "रोज साठ डबे जातात, सकाळी पाचपासून उभी असते, मग महिन्याच्या शेवटी पैसे कुठे जातात?" तिचं उत्तर खाली येईल, कारण एवढ्याशा कोर्समधून काय मिळू शकतं याचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

प्रश्न लिहिला की कोर्स आपोआप गाळले जातात. माणसं सांभाळायचा प्रश्न असेल तर एचआरचा डिप्लोमा बघा, पैशाचा असेल तर कॉस्टिंग-अकाउंट्स, माल आणि मशिनचा असेल तर ऑपरेशन्स. आणि खरंच सगळंच थोडं थोडं पाहिजे असेल, म्हणजे उद्या वडिलांचा धंदा हातात घ्यायचाय वगैरे, तरच जनरल मॅनेजमेंट.

दुसरी पायरी: कागदाचं वजन समजून घ्या

इथे फार लोक फसतात म्हणून जरा सावकाश सांगते. आपल्याकडे "डिग्री" हा शब्द कायद्याने बांधलेला आहे, यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या १९५६ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी फक्त विद्यापीठं किंवा तसा अधिकार दिलेल्या संस्थाच देऊ शकतात. "डिप्लोमा" आणि "सर्टिफिकेट" हे शब्द तसे बांधलेले नाहीत. म्हणजे एखाद्या खाजगी क्लासने दोन महिन्यांच्या कोर्सला "ॲडव्हान्स्ड डिप्लोमा" नाव दिलं तरी त्या नावाने काहीच सिद्ध होत नाही, आणि "मिनी एमबीए" तर एमबीए नाहीच, कितीही सोनेरी अक्षरात छापलं तरी. म्हणून नाव वाचू नका, खाली सही कुणाची आहे ते वाचा. विद्यापीठाची आहे, एआयसीटीई (तंत्र आणि मॅनेजमेंट शिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्य संस्थेची आहे, की फक्त कंपनीची.

याचा अर्थ कंपनीचं सर्टिफिकेट वाईट असं अजिबात नाही. वहिनीला कागदाची गरजच नव्हती, तिला हिशोब शिकायचा होता. पण ज्याला प्रमोशनच्या फाइलला कागद लावायचाय, सरकारी भरतीत दाखवायचाय, किंवा पुढे जाऊन डिग्रीत क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजलेले एकक, धरून पाहिजेत, त्याला मान्यता लागतेच. तुमच्या ऑफिसच्या एचआरला आधी जाऊन सरळ विचारा की कुठला कागद चालतो. मी विचारलं होतं, त्यामुळे माझ्या मनात असलेला एक कोर्स तिथेच बाद झाला आणि पैसे वाचले.

ढोबळ मानाने पर्याय असे आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे स्वयम, केंद्र सरकारचं पोर्टल, २०१७ ला सुरू झालं. त्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे मॅनेजमेंटचे कोर्स असतात, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे, जानेवारी आणि जुलै अशा दोन फेऱ्या. बघणं, असाइनमेंट देणं फुकट. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी, एका कोर्सला १००० रुपये, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची असते, घरी बसून नाही. असाइनमेंटला २५ मार्क, परीक्षेला ७५, आणि पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. मी प्रत्येकाला सांगते की मोठी फी भरायच्या आधी यातला एक ८ आठवड्यांचा कोर्स करून बघा. आपल्याला रोज तासभर बसवतंय का, विषय आवडतोय का, हे अगदी थोडक्या पैशात कळतं.

त्यानंतर मुक्त विद्यापीठं. इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एचआर, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्सचे पीजी डिप्लोमे आहेत, ग्रॅज्युएशन लागतं, कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करता येतात. नोकरीवाल्यांना ही तीन वर्षांची सवलत फार मोलाची आहे, कारण मध्ये बाळंतपण, बदली, आजारपण काहीही येतं. असाइनमेंट आणि जून-डिसेंबरच्या परीक्षा. पुण्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यामुळे काही अडलं तर समोर जाऊन विचारता येतं. आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघावं, १९८९ पासून चालू आहे, मराठीतून शिकता येतं आणि पुणे जिल्ह्यात अभ्यासकेंद्रं भरपूर आहेत. पुण्यातच राहून घरबसल्या करायचं तर सिम्बायोसिसचं दूरशिक्षण केंद्र आहे, तिथलाही पीजी डिप्लोमा खूप नोकरदार करतात.

वर्गात बसून शिकायचं असेल तर पुण्यासारखं शहर नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न संस्था, खाजगी संस्था, डेक्कन ते सेनापती बापट रोड नुसतं चालत गेलात तरी पाट्या संपत नाहीत. पण काही जागा लोकांना माहीतच नसतात. उदाहरणार्थ पतसंस्थेत, सहकारी बँकेत, दूध संघात काम करत असाल तर विद्यापीठाजवळची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था खास त्याच क्षेत्रासाठी आहे. बँकवाल्यांसाठी कोंढव्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट, म्हणजे एनआयबीएम, १९६९ ची, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने सुरू झालेली. छोटा कारखाना किंवा दुकान असेल तर मराठा चेंबर, उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना जी १९३४ पासून आहे, त्यांच्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा, निर्यात, जीएसटी, कॉस्टिंग असे नेमके विषय असतात आणि शेजारच्या खुर्चीवर आपल्यासारखाच कुणीतरी कारखानदार बसलेला असतो, ती ओळखही कामाची. एचआरमध्ये जायचंय त्यांनी पुण्यातल्या लॉ कॉलेजांमधले कामगार कायद्याचे डिप्लोमेही बघा, नुसत्या मोटिव्हेशनच्या थिअरीपेक्षा पीएफ, ग्रॅच्युइटी, स्टँडिंग ऑर्डर्स (कारखान्यातले नोकरीचे नियम) माहीत असलेल्या माणसाला चाकण-भोसरीत जास्त विचारतात हे मी रोज बघते.

तिसरी पायरी: मान्यता स्वतः तपासा, कौन्सेलरला विचारू नका

कोर्स ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाइटवर जा, तिथे विद्यापीठ, वर्ष आणि कोर्स अशी यादी असते. नुसतं विद्यापीठ यादीत आहे एवढं पुरत नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष दोन्ही असायला पाहिजे. २०२४ पासून अशा मान्य ऑनलाइन-दूरशिक्षण प्रवेशाला याच ब्युरोचा डीईबी आयडी काढावा लागतो, आणि तो काढायला एबीसी आयडी लागतो. पुणेकरांना एबीसी म्हटलं की अप्पा बळवंत चौक आठवतो, पण हे म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, डिजिलॉकरमधून पाच-दहा मिनिटांत निघतं. त्यात तुमची क्रेडिट्स जमा राहतात आणि पुढे कधी डिग्री करायची ठरवलीत तर नियमात बसतील तशी वापरता येतात. कोर्स घेताना "याची किती क्रेडिट्स, ती एबीसीत जमा होणार का" हे विचाराच.

एआयसीटीई मान्य म्हणत असतील तर एआयसीटीईच्या साइटवर संस्थेचं नाव शोधा, चालू वर्षाचं अप्रूव्हल लेटर मागा. यूजीसी वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी काढते, तीही एकदा नजरेखालून घाला. आणि एखादी ॲपवाली कंपनी विद्यापीठाचं नाव पुढे करून कोर्स विकत असेल तर विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो कोर्स आहे का बघा, २०२२ साली यूजीसीने याच बाबतीत विद्यार्थ्यांना सावध केलं होतं.

चौथी पायरी: पैसे भरायच्या आधी

एका संस्थेत मी चौकशीला गेले होते, नाव घेत नाही, तिथे कौन्सेलर म्हणाले की आज संध्याकाळी सहापर्यंत भरलं तर वीस हजार डिस्काउंट, उद्या नाही. मी घरी येऊन विचार केला, चार दिवसांनी परत फोन आला आणि तेच डिस्काउंट अजून चालू होतं. तेव्हापासून माझा नियम आहे की आजच भरा म्हणणाऱ्याकडे आज भरायचे नाहीत.

फीचा आकडा विचारताना "सगळं मिळून" विचारा. खाजगी सर्टिफिकेट कोर्सवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६०,००० सांगितले तर हातातून ७०,८०० जाणार. शिवाय परीक्षा फी, पुस्तकं, रिपीट परीक्षेची फी, सर्टिफिकेटची फी, कॉन्व्होकेशनचा गाऊन सुद्धा. आणि ईएमआय म्हणतात तो संस्थेचा हप्ता आहे की फायनान्स कंपनीचं कर्ज, हे करार वाचून बघा. कर्ज असेल तर कोर्स मध्ये सोडला तरी हप्ते चालू राहतात, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, येतं, मग रडून उपयोग नसतो. रिफंडचा नियम तोंडी नको, ईमेलवर घ्या.

एक लेक्चर बसू द्या अशी विनंती करा. चांगल्या संस्था बसू देतात. बसलात की बघा, शिकवणारे कधी कारखान्यात, दुकानात, बँकेत काम केलेले आहेत का, मागच्या बाकावरचे प्रश्न विचारतात का, की सर नुसत्या स्लाइड वाचतायत. आणि सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. तिथे जे कळतं ते ब्रोशरमध्ये नसतं.

पाचवी पायरी: वेळ

आठवड्याला आठ तास धरा, त्यापेक्षा कमीत होत नाही आणि त्यापेक्षा जास्त नोकरीत निघत नाहीत. मी चार तास वर्ग आणि चार तास घरी असं धरलं होतं. जाण्यायेण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजा. हिंजवडीत नोकरी आणि कॅम्पात संध्याकाळचा क्लास असं कुणी ठरवत असेल तर कृपा करून आधी एक आठवडा नुसतं जाऊन या आणि मग फी भरा. मला नाशिक फाट्यावरून मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टला उतरता येत होतं म्हणून जमलं, आणि मेट्रोत वीस-पंचवीस मिनिटं वाचायला मिळायची ती वेगळीच.

कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवा: गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा, घरातलं लग्न, आणि अकाउंट्स-स्टोअर्सवाल्यांसाठी मार्च. मार्चमध्ये स्टॉक टेकिंग आणि क्लोजिंग असतं, त्या महिन्यात असाइनमेंट लिहायचा प्लॅन करू नका, फेब्रुवारीतच उरका. घरच्यांना पहिल्या दिवशी नीट सांगा की इतके महिने रविवारी सकाळी मी नाही. माझ्या सासूबाईंनी रविवारचा स्वयंपाक वर्षभर अंगावर घेतला, त्याशिवाय हे झालं नसतं, आणि हे मी त्यांना एकदा नाही दहादा सांगितलंय.

सहावी पायरी: कोर्स सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस

सायन्स किंवा आर्ट्सवाल्यांना पहिला धक्का अकाउंट्सचा बसतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे बालभारतीची अकरावी-बारावी कॉमर्सची पुस्तकं. मराठी माध्यमाची, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात, किंवा अप्पा बळवंत चौकात जुनी घ्या. बुककीपिंगची पहिली काही प्रकरणं आणि मॅनेजमेंटची तत्त्वं आणि ती मांडणारे फेयॉल, टेलर, एवढं मराठीतून वाचून गेलात की वर्गात इंग्रजी शब्द आला तरी आत काहीतरी ओळखीचं वाजतं. मी वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहिल्या होत्या: बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद, लेजर म्हणजे खतावणी, जर्नल म्हणजे रोजकीर्द, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, डेटर ऋणको आणि क्रेडिटर धनको, वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळतं भांडवल. "खेळतं भांडवल" हा शब्द तर इंग्रजीपेक्षा सरस आहे, पैसा खेळता राहिला पाहिजे हे त्या शब्दातच सांगून टाकलंय.

सातवी पायरी: शिकताना आपला प्रश्न पुढे ठेवा

आता मुख्य गोष्ट. वर्गात जे शिकाल ते त्याच आठवड्यात आपल्या कामातल्या आकड्यांवर लावून बघा. परीक्षेच्या गणितातले आकडे विसरतात, आपले विसरत नाहीत.

आमच्याकडे ब्रेक-इव्हन, म्हणजे खर्च भरून निघायला किती विक्री लागते ते, शिकवलं त्या रविवारी मी वही घेऊन वहिनीकडे गेले. तिला म्हटलं डबा सोड, मला आकडे सांग. एक डबा ९० रुपयांना. त्यात भाजी, पीठ, तेल, गॅस, पॅकिंग सगळं धरून ५८ रुपये खर्च. म्हणजे प्रत्येक डब्यामागे ३२ रुपये उरतात, याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. मग जे डबे गेले न गेले तरी द्यावेच लागतात ते खर्च, जागेचं भाडं, दोन मावशींचा पगार, लाइट बिल, स्कूटरवाल्या मुलाचे पैसे, ते निघाले महिन्याला ४८,०००. आता ४८,००० भागिले ३२, म्हणजे १५०० डबे. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला ५८. वहिनी म्हणाली, बघ, मी साठ करते, म्हणजे बरोबर आहे की.

मग मी विचारलं ॲपवरून किती जातात. साठातले ३५. ॲपचं कमिशन तिच्या हिशोबात साधारण २० टक्के पडत होतं, म्हणजे ९० मधले १८ गेले, डब्यामागे उरले फक्त १४. आता परत मांडा. थेट जाणारे २५ डबे गुणिले २६ दिवस गुणिले ३२, झाले २०,८००. ॲपचे ३५ गुणिले २६ गुणिले १४, झाले १२,७४०. बेरीज ३३,५४०. आणि द्यायचेत ४८,०००. दर महिन्याला १४,४६० रुपये कमी पडत होते आणि ते दादाच्या पगारातून भरले जात होते, कुणाच्या लक्षात न येता, कारण घरचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात होता. वहिनी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मलाही बोलवेना, कारण ती पहाटे पाचला उठते हे मला माहीत होतं.

मग तिने दोन गोष्टी केल्या. ॲपवरचा दर ११० केला, २२ कमिशन गेलं तरी ३० उरायला लागले. आणि थेट महिन्याचा डबा लावणाऱ्यांना आठवड्यातून एकदा गोड फुकट सुरू केलं. ॲपचे डबे ३५ चे २८ झाले पण थेट डबे हळूहळू ४० वर गेले. हिशोब तुम्हीच करून बघा, महिन्याला ५५,१२० येतात, म्हणजे गोडाचा खर्च न धरता, बाकी खर्च जाऊन सात हजारांवर शिल्लक. मोठी रक्कम नाहीये ती. पण आधी खड्डा होता. आणि हे सगळं एका रविवारच्या लेक्चरमधलं, त्याला ना लॅपटॉप लागला ना एक्सेल.

माझ्या स्टोअरचंही असंच झालं. किती माल एका वेळी मागवायचा याचं एक जुनं सूत्र आहे, ईओक्यू (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी), फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने १९१३ साली मांडलेलं. वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. आमच्या एका इन्सर्टचं (कामात लागणारा एक छोटा सुटा भाग) बघा: वर्षाला १२,००० नग, एका ऑर्डरमागे ५०० रुपये खर्च, नग ठेवायचा खर्च वर्षाला १२ रुपये. उत्तर बरोबर १००० नग, म्हणजे महिन्याला एक ऑर्डर. आम्ही तीन महिन्यांचे ३००० एकदम मागवत होतो, त्याने वर्षाचा खर्च २०,००० पडत होता, १००० मागवले तर १२,०००. एका वस्तूवर आठ हजार, आणि स्टोअरमध्ये अशा शेकडो वस्तू. साहेबांना मी हे एका पानावर दाखवलं. सूत्र जसंच्या तसं सगळीकडे चालत नाही, सप्लायर उशीर करतो, भाव वाढतात, पण बोलायला एक आकडा हातात आला.

शॉप फ्लोअरवरून आलेल्यांनी एक लक्षात घ्या, ५ एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), रिजेक्शन, शिफ्ट हँडओव्हर हे तुम्ही रोज करताय, ऑपरेशन्सचा निम्मा विषय तुम्हाला येतोच, फक्त त्याची पुस्तकी नावं माहीत नसतात. वर्गात घाबरून मागे बसू नका. आमच्या बॅचमध्ये चाकणहून एक सुपरवायझर यायचे, पहिले दोन महिने तोंड उघडलं नाही, आणि लाइन बॅलन्सिंग, म्हणजे लाइनवरच्या माणसांत काम सारखं वाटणं, आलं तेव्हा सरांनी त्यांनाच फळ्यापाशी उभं केलं.

खेळत्या भांडवलाचा धडा छोट्या कारखानदारांनी दोनदा वाचावा. कस्टमर ९० दिवसांनी पैसे देतो आणि स्टीलवाल्याला ३० दिवसांत द्यावे लागतात, मधले ६० दिवस कोण भरतं? तुम्हीच, ओव्हरड्राफ्टचं व्याज देऊन. नफा असूनही धंदे इथेच बुडतात. सोबत २००६ चा एमएसएमई कायदा वाचा, सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवा.

मार्केटिंगचे चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन), मास्लोने १९४३ साली मांडलेली माणसाच्या गरजांची उतरंड, स्पर्धेबद्दलच्या पोर्टरच्या पाच शक्ती, हे सगळ्या कोर्समध्ये येतं, सोपं आहे, स्वतः वाचून होतं. त्यावर क्लासचा वेळ जास्त जात असेल आणि कॉस्टिंग घाईत उरकत असतील तर सरांना जाऊन सांगा.

आठवी पायरी: प्रोजेक्ट आणि परीक्षा

प्रोजेक्ट विकत घेऊ नका. पुण्यात झेरॉक्सच्या दुकानांतून तयार रिपोर्ट मिळतात, सगळ्यांना माहीत आहे. पण अख्ख्या कोर्समध्ये स्वतःचा प्रश्न सोडवायची एवढी एकच अधिकृत संधी असते, ती तीन-चार हजारात घालवायची का? विषय छोटा घ्या. "भारतीय वाहन उद्योगाचा अभ्यास" नको, "आमच्या स्टोअरमधल्या पन्नास वस्तूंच्या ऑर्डरचा सहा महिन्यांचा अभ्यास" घ्या. कंपनीची परवानगी लेखी घ्या, गोपनीय आकडे असतील तर प्रमाणात बदलून टाका. गाइडला सुरुवातीलाच भेटा, शेवटच्या पंधरवड्यात ते सापडत नाहीत.

परीक्षेत बऱ्याच नोकरदारांची हाताने लिहायची सवय गेलेली असते. तीन तास पेन धरवत नाही, खरंच सांगते. महिनाभर आधीपासून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहा. उत्तरात आधी व्याख्या दोन ओळी, मग मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्याला कामातलं एक उदाहरण. जुन्या प्रश्नपत्रिका बघा, तेच प्रश्न फिरून फिरून येतात. गणितात पायऱ्या लिहा, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात.

नववी पायरी: कागद हातात आल्यावर

रेझ्युमेवर नुसतं कोर्सचं नाव टाकून थांबू नका, त्याखाली एक ओळ प्रोजेक्टची घाला, आकड्यासकट. इंटरव्ह्यूला त्याच ओळीवर बोलणं होतं, हे मी दोनदा अनुभवलंय. एचआरला सर्टिफिकेटची कॉपी देऊन पर्सनल फाइलला लावायला सांगा आणि पोच घ्या. एबीसी खात्यात क्रेडिट्स दिसतायत का तपासा, दिसत नसतील तर लगेच संस्थेला ईमेल करा, वर्ष उलटलं की कुणी दाद देत नाही. पगारवाढ लगेच होईल असं धरून चालू नका, माझी दीड वर्षाने झाली, तीही मी त्या इन्सर्टच्या कागदाच्या जोडीने आणखी चाळीस वस्तूंचा हिशोब पुढे ठेवला तेव्हा.

आणि पहिल्या दिवशी प्रश्न लिहिलेला तो कागद काढून बघा. वहिनीचा कागद अजून तिच्या किचनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, खाली आता नवा प्रश्न लिहिलाय: "तिसरी मावशी ठेवली तर किती डबे वाढवावे लागतील?"